बँगरची स्तोत्रपोथी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही पोथी कोणती आणि ती एवढी महत्त्वाची का मानतात?

सातव्या शतकाच्या शेवटी आयर्लंड बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, बँगर नावाच्या गावातल्या ख्रिस्ती मठात लिहिलेली लॅटिन स्तोत्रांची आणि प्रार्थनांची ही पोथी आहे. अभ्यासकांमध्ये ती ‘अँटिफोनरी ऑफ बँगर’ या नावाने ओळखली जाते. आज तिचा मुक्काम इटलीत, मिलान शहरातल्या आंब्रोझियाना ग्रंथालयात असून ‘सी ५ इन्फ.’ हा तिचा तिथला क्रमांक आहे.

पाने अवघी ३६. सोन्याचा मुलामा नाही, चित्रे नाहीत. आयर्लंडच्या जुन्या पोथ्या म्हटल्यावर ‘बुक ऑफ केल्स’सारखी रंगांनी भरलेली पाने डोळ्यांसमोर येतात, आणि त्या मानाने ही फार साधी वाटते. तरी जाणकार हिला जपतात ते दोन कारणांसाठी. पहिले म्हणजे, मठातले लोक दिवसभरात कोणत्या वेळी काय म्हणत आणि काय गात, याचा इतका जुना लेखी पुरावा पश्चिम युरोपात फार थोडा उरला आहे. दुसरे म्हणजे, हिचा काळ जवळजवळ दहा वर्षांच्या टप्प्यात सांगता येतो. सातव्या शतकातल्या पोथीबाबत हे भाग्य क्वचितच लाभते. अक्षराच्या वळणावरून पन्नास-शंभर वर्षांचा अंदाज बांधायचा आणि गप्प बसायचे, एवढेच बहुतेक वेळा हातात असते.

बँगर म्हणजे वेल्समधले का?

नाही, आणि ही गल्लत नेहमी होते. वेल्समध्येही बँगर आहे आणि तिथेही जुनी ख्रिस्ती परंपरा आहे. आपले बँगर उत्तर आयर्लंडच्या डाउन परगण्यातले, बेलफास्टजवळच्या खाडीच्या काठावरचे. संत कॉमगाल यांनी सहाव्या शतकाच्या मध्यावर तिथे मठ स्थापला. स्थापनेचे वर्ष सहसा ५५८ असे देतात. कडक शिस्त आणि विद्याभ्यास या दोन्हींसाठी तो मठ प्रसिद्ध होता. कोलंबानस आणि गाल हे दोघे संत तिथूनच युरोपच्या मुख्य भूमीवर गेले. स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालन या शहराला या गाल यांचेच नाव आहे.

पोथी दिसते कशी?

आपल्याकडे पोथी म्हटले की आडवी, सुटी पाने, वर-खाली लाकडी पाटी आणि भोवती लाल कापड असे रूप डोळ्यांपुढे येते. ही तशी नाही. जनावराच्या कमावलेल्या कातड्याची, म्हणजे चर्मपत्राची पाने मधोमध दुमडून, एकात एक घालून त्यांची जुडगी केलेली आणि ती शिवलेली, असे हे उभे पुस्तक आहे. पान साधारण २३ सेंटिमीटर उंच आणि १८ सेंटिमीटर रुंद. हातात धरून किंवा समोर ठेवून प्रार्थना म्हणायला सोयीचे असे हे माप. वेदीवर मिरवण्याचे ग्रंथ याहून बरेच मोठे असत.

त्या काळच्या आयरिश मठांत चर्मपत्र बहुधा वासराच्या कातड्याचे असे. कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, केस खरवडायचे, चौकटीवर ताणून वाळवायचे आणि घासून लिहिण्याजोगे करायचे. युरोपातल्या इतर भागांत पानाची केसाकडची आणि मांसाकडची बाजू नजरेला लगेच वेगळी कळते. आयरिश चर्मपत्रात दोन्ही बाजू इतक्या सारख्या घासलेल्या असतात की फरक ओळखायला सराव लागतो. लिहायला पक्ष्याच्या पिसाची लेखणी असे. ओकच्या झाडावर कीटकांमुळे येणाऱ्या गाठी आणि लोहाचा क्षार यांपासून केलेली काळपट शाई त्या काळी सर्रास वापरात होती. ती चर्मपत्रात मुरते, म्हणूनच इतक्या शतकांनंतरही अक्षर वाचता येते.

सजावट आहे ती एवढीच: काही मोठ्या आद्याक्षरांभोवती लाल ठिपक्यांची ओळ. नजर भराभर फिरवली तर ठिपके लक्षातही येत नाहीत. जवळून पाहिले की अक्षराच्या कडेकडेने लेखणीचे टोक एकेक करून टेकवत गेलेला हात जाणवतो. आयरिश आणि इंग्लिश मठांतल्या पोथ्यांची ही खास खूण आहे. पुढच्या पिढ्यांनी हेच ठिपके हजारोंनी काढून पानेच्या पाने नटवली. इथे ते अजून संयमात आहेत, आणि मला ते असेच जास्त आवडतात.

लिपी कोणती? एकाच माणसाने लिहिली आहे का?

भाषा लॅटिन, अक्षर आयरिश वळणाचे. या वळणाला ‘इन्शुलर’, म्हणजे बेटांवरची लिपी, म्हणतात. अक्षरे गोलसर, उभ्या दांड्यांच्या डोक्यावर पाचरीसारखा त्रिकोणी ठोका. लॅटिन ही आयरिश मठवासीयांची मातृभाषा नव्हती, ती त्यांनी पुस्तकातून शिकलेली. त्यामुळे शब्द सुटे लिहिण्याची गरज त्यांना आधी भासली. रोमन जगात शब्दांची सलग माळ लिहिण्याची रीत होती, ती मोडून दोन शब्दांत जागा सोडण्याची सवय पश्चिम युरोपाला लावण्यात या आयरिश लेखनिकांचा मोठा वाटा आहे.

लेखनिक एकच नव्हता. मुख्य भाग एका वळणाचा असला तरी पुढे हात बदललेले स्पष्ट दिसतात. मठात रोज वापरायच्या पुस्तकात हे स्वाभाविकच आहे. नवी प्रार्थना मिळाली, रिकामी जागा दिसली, कुणीतरी उतरवून घेतली.

आत काय काय आहे?

बायबलमधली गीते आणि तशीच जुनी स्तुतिगीते अशी सहा, वृत्तबद्ध स्तोत्रे बारा, दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरांसाठी छोट्या प्रार्थना एकोणसत्तर, विशेष प्रसंगांच्या प्रार्थना सतरा, आणि सत्तरच्या आसपास छोटी पालुपदे. त्याखेरीज प्रभूची प्रार्थना आणि विश्वासाचा अंगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची कबुली. या अंगीकाराचे शब्द इतर ठिकाणी सापडणाऱ्या पाठापेक्षा वेगळे आहेत, त्यामुळे ख्रिस्ती धर्मशास्त्राचे अभ्यासक नेमक्या त्या पानाकडे धाव घेतात.

आरंभी बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातले मोशेचे गीत येते. पुढे समुद्र ओलांडल्यानंतरचे गीत, जखऱ्याचे गीत, अग्निकुंडातल्या तीन तरुणांचे गीत. स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रे मात्र इथे उतरवलेली नाहीत, कारण ती मठवासीयांना तोंडपाठ असत. हा तपशील मला फार बोलका वाटतो. पाठ असलेले लिहायचे नाही, चर्मपत्र महाग आहे. जे प्रसंगानुसार बदलते, जे अडते, तेवढेच पुस्तकात.

प्रार्थना प्रहरांप्रमाणे लावलेल्या आहेत. दिवसाचा दुसरा तास, तिसरा, सहावा, नववा, सायंकाळ, रात्रीची सुरुवात, मध्यरात्र आणि पहाट. ईस्टरच्या आदल्या रात्री मेणबत्तीला आशीर्वाद देताना म्हणायचे एक स्तोत्र आहे, त्यात अग्नीच्या निर्मात्याला हाक मारलेली आहे. मध्यरात्री म्हणायचे एक, हुतात्म्यांच्या दिवशी म्हणायचे एक. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात, लहानशा देवळात, मध्यरात्री उठून ही माणसे हे शब्द म्हणत होती. पोथीतल्या क्रमावरून त्यांचा सबंध दिवस उभा करता येतो.

यातले सर्वांत प्रसिद्ध स्तोत्र कोणते?

‘सांक्ती वेनिते’. सुरुवात अशी: ‘संतांनो, या, ख्रिस्ताचे शरीर घ्या, ज्या पवित्र रक्ताने तुमची सुटका झाली ते प्या.’ भाकर आणि द्राक्षरस स्वीकारताना म्हणायचे हे स्तोत्र, त्या प्रसंगाचे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने लॅटिन स्तोत्र मानले जाते. दुसऱ्या कुठल्याही प्राचीन पोथीत ते सापडलेले नाही. हे एक पुस्तक हरवले असते तर हे स्तोत्र जगाला कळलेच नसते, आणि या पोथीबद्दल बोलताना मला सर्वांत आधी हेच सांगावेसे वाटते. पोथीत त्याच्यावर शीर्षक आहे: पुरोहित प्रसाद स्वीकारतात तेव्हाचे स्तोत्र. १८५१ मध्ये जॉन मेसन नील यांनी त्याचे इंग्रजी पद्यभाषांतर केले आणि तेव्हापासून अँग्लिकन देवळांत ते गायले जाऊ लागले.

आयर्लंडमध्ये याबद्दल एक कथा आहे. संत पॅट्रिक आणि त्यांचे सहकारी सेक्नाल यांच्यात काही बोलाचाली झाली, मग दोघांनी समेट केला, आणि ते देवळाकडे येत असताना आतून देवदूतांच्या आवाजात हे स्तोत्र ऐकू आले. कथा गोड आहे आणि श्रद्धेने ऐकावी. काळ ठरवण्यासाठी मात्र तिचा उपयोग नाही.

पॅट्रिक यांच्या स्तुतीचे ‘आउदिते ओम्नेस आमान्तेस’ हे स्तोत्रही इथे आहे. त्याची सर्वांत जुनी प्रत हीच. तेवीस कडवी, आणि प्रत्येक कडव्याचे पहिले अक्षर लॅटिन वर्णमालेच्या क्रमाने. पाठांतराला याचा फार उपयोग होई.

पोथी बँगरचीच, हे कशावरून?

तिनेच सांगितले आहे. शेवटच्या पानांत दोन कवने आहेत. एकात मठाचे गुणगान आहे: ‘बेन्खुइर बोना रेगुला’, म्हणजे बँगरचा नियम उत्तम, सरळ आणि दैवी. पुढे मठाला लाटांचे तडाखे बसूनही न डगमगलेले जहाज म्हटले आहे, खडकावर बांधलेले घर म्हटले आहे, आणि इजिप्तमधून आणून लावलेली खरी द्राक्षवेल म्हटले आहे. ही शेवटची ओळ महत्त्वाची. ख्रिस्ती संन्यासाची सुरुवात इजिप्तच्या वाळवंटात झाली, आणि आपण त्याच वेलीची फांदी आहोत, असे युरोपच्या पार टोकाला बसलेली ही माणसे सांगत आहेत.

दुसरे कवन मठाधिपतींच्या स्मरणाचे. त्याच्याच आधारे पोथीचा काळ ठरतो.

काळ इतका नेमका कसा सांगतात?

या कवनात पंधरा मठाधिपतींची नावे ओळीने येतात, आणि ओळी पुन्हा वर्णमालेच्या क्रमाने बांधलेल्या आहेत. पहिली ओळ ‘आमाविट ख्रिस्तुस कॉमगिल्लुम’, ख्रिस्ताने कॉमगालवर प्रेम केले. मग बेओग्ना, एड, सिन्लान, असे एकामागून एक. पालुपद असे की, प्रभूने यांना स्वर्गराज्यातल्या आसनांवर बोलावून घेतले. म्हणजे हे सर्व दिवंगत.

वर्णमाला संपत येते तेव्हा ‘झेड’साठी शब्द हवा. लॅटिनमध्ये तसे शब्द मोजकेच, म्हणून कवीने ग्रीकमधला ‘झोएन’, म्हणजे जीवन, हा शब्द उचलला: ‘झोएन उत कार्पात क्रोनानुस, कोन्सेर्वेत एउम दोमिनुस’. क्रोनानला जीवन लाभो, प्रभू त्याला राखो. इतरांसाठी स्वर्गाची भाषा आणि या एकासाठी आयुष्याची मागणी. अर्थ उघड आहे: कवन रचले तेव्हा पंधरावा मठाधिपती क्रोनान जिवंत होता. आयरिश बखरींत क्रोनान यांच्या मृत्यूची नोंद ६९१ सालची आहे. त्यांच्या आधीचे मठाधिपती ६८० मध्ये वारले. म्हणून पोथी ६८० ते ६९१ या काळातली.

या यादीतल्या सिन्लान यांना कवनात ‘जगाचा प्रसिद्ध गुरू’ म्हटले आहे. ही केवळ शिष्यांची अतिशयोक्ती वाटली असती, पण जर्मनीतल्या वुर्झबर्ग इथल्या एका जुन्या हस्तलिखितात नोंद सापडते की, बँगरच्या याच मठाधिपतींनी ईस्टरची तिथी काढण्याचे गणित एका विद्वान ग्रीकाकडून तोंडपाठ शिकून घेतले, आणि असे करणारे ते पहिले आयरिश होते. दोन देशांतल्या दोन पोथ्या एकमेकींना अशा दुजोरा देतात तेव्हा या अभ्यासाचे सार्थक वाटते.

हिला ‘अँटिफोनरी’ का म्हणतात? आत गायनाची स्वरलिपी आहे का?

नाव अठराव्या शतकातल्या संपादकाने दिलेले आहे आणि ते काटेकोर नाही. दोन गटांनी आळीपाळीने म्हणायच्या पालुपदांचा संग्रह म्हणजे अँटिफोनरी, आणि हिच्यात त्याखेरीज पुष्कळ काही आहे. स्वरलिपी अजिबात नाही. पश्चिम युरोपात सूर लिहून ठेवण्याची खूणपद्धती नवव्या शतकात आली. त्याआधी चाली गुरूकडून शिष्याकडे कानांनीच जात. त्यामुळे ‘मूळ चालीत’ अशा जाहिरातीने ही स्तोत्रे कुणी गायली तर ती गायकाची कल्पना समजावी. ऐकायला हरकत नाही.

पोथी कोलंबानस यांनी इटलीला नेली, हे खरे का?

नाही, तारखाच जुळत नाहीत. कोलंबानस बँगर सोडून सुमारे ५९० मध्ये निघाले. आजच्या फ्रान्समध्ये त्यांनी लक्सय इथे मठ उभारला, तिथल्या राजघराण्याशी बिनसल्यावर पुढे सरकले, आणि लोंबार्डांचा राजा आगिलुल्फ याने दिलेल्या जमिनीवर ६१४ मध्ये उत्तर इटलीत, त्रेब्बिया नदीच्या खोऱ्यातल्या बोब्बिओ इथे शेवटचा मठ स्थापला. ६१५ मध्ये ते वारले. पोथी लिहिली गेली ती त्यानंतर पासष्ट वर्षांहून अधिक काळाने.

नाते मात्र खरे आहे. बोब्बिओ ही बँगरचीच शाखा. पोथीतले ‘प्रेकामुर पात्रेम’ हे स्तोत्र कोलंबानस यांची तरुणपणची रचना असावी, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल तर माणूस आधी गेला आणि त्याचे स्तोत्र पुढे कधीतरी त्याच वाटेने मागून आले.

मग बोब्बिओला कोणी नेली?

डुंगाल या आयरिश विद्वानाचे नाव बरेचदा घेतले जाते. ८२५ मध्ये सम्राट लोथार याच्या हुकमाने ज्या शाळा नेमून दिल्या, त्यात इटलीतल्या पाविया इथल्या शाळेवर डुंगाल होता. बोब्बिओच्या ग्रंथांची एक जुनी यादी आहे, तिच्यात डुंगालने मठाला अर्पण केलेल्या पुस्तकांचा वेगळा विभाग आहे. त्यावरून ही पोथीही त्यानेच आणली असावी, असा तर्क निघाला आणि पुढे तो जणू सिद्ध झाल्यासारखा पुस्तकांतून फिरत राहिला. पोथीवर त्याचे नाव नाही. बँगर आणि बोब्बिओ यांच्यात आयरिश मठवासीयांची ये-जा चालू होती. कुणाही यात्रेकरूच्या झोळीतून ३६ पानांचे पुस्तक जाऊ शकते.

दुसरी बाजू व्हायकिंगांची. ८२० च्या दशकात त्यांनी बँगरवर हल्ले केले. आयरिश बखरींत ८२४ च्या नोंदीत मठ लुटल्याचे, प्रार्थनागृह उद्ध्वस्त केल्याचे आणि कॉमगाल यांचे अवशेष मंजूषेतून उधळून टाकल्याचे लिहिले आहे. पोथी या हल्ल्यांच्या आधी गेली की जीव मुठीत धरून पळणाऱ्या कुणाबरोबर गेली, यातले काहीही ठामपणे मांडणाऱ्या लेखाकडे सावधपणे पाहावे. बँगरला राहिली असती तर मात्र तिचे वाचणे अवघड होते. बाराव्या शतकात संत मॅलाकी यांनी तिथे नव्याने मठ वसवला, तोवर जुन्या ग्रंथालयातले काही उरलेले नव्हते.

आजवरचे मालक कोणकोण?

मोजून तीन, आणि तिन्ही संस्था. बँगरचा मठ, बोब्बिओचा मठ, आंब्रोझियाना ग्रंथालय. मध्ये कुणी सरदार नाही, हौशी संग्राहक नाही, लिलाव नाही. तेराशे वर्षांच्या पुस्तकाबाबत हे नवलच आहे. युरोपातली कितीतरी हस्तलिखिते राजांच्या कपाटांतून व्यापाऱ्यांकडे आणि तिथून श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत गेली. वाटेत त्यांची बांधणी बदलली, समास कापले गेले, पाने सुटी करून विकली गेली. ही त्यातून सुटली. माझे मत असे की, साधी आणि चित्रांवाचून असणे हेच हिच्या पथ्यावर पडले. पाने फाडून भिंतीवर लावावीत असे हिच्यात काही नव्हते.

बोब्बिओमध्ये ती शतकानुशतके राहिली. तिथले ग्रंथालय दहाव्या शतकाच्या सुमारास शेकडो पुस्तकांचे होते. पुढे मठाला उतरती कळा लागली, चर्मपत्राची टंचाई असलेल्या काळात जुने लेखन खरवडून त्याच पानांवर नवे लिहिण्याचे प्रकारही तिथे झाले होते. रोमन वक्ता सिसेरो याचा ‘दे रे पुब्लिका’ हा ग्रंथ अशाच एका खरवडलेल्या बोब्बिओ पोथीत, दुसऱ्या लेखनाखाली दडलेला, १८१९ मध्ये आंजेलो माई यांना सापडला. आपली स्तोत्रपोथी तशी खरवडली गेली नाही.

मिलानला कशी आली?

मिलानचे आर्चबिशप कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओ यांना सर्वांना खुले असे ग्रंथालय काढायचे होते. त्यांनी हस्तलिखितांच्या शोधात माणसे दूरदूर पाठवली. १६०६ मध्ये बोब्बिओच्या मठाकडून सत्तरहून अधिक हस्तलिखिते त्यांनी मिळवली, त्यात ही होती. ग्रंथालय ८ डिसेंबर १६०९ रोजी वाचकांसाठी उघडले. आत येऊन कुणीही वाचावे, अशी मोकळीक त्या काळी युरोपात दुर्मीळ होती.

बोब्बिओच्या उरलेल्या पुस्तकांचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १६१८ मध्ये पोप पाचवे पॉल यांच्यासाठी काही पोथ्या रोमला गेल्या आणि व्हॅटिकनच्या झाल्या. फ्रेंच राजवटीत, १८०३ मध्ये, मठ बंद करण्यात आला आणि शिल्लक संग्रहाची पांगापांग झाली. त्यातला मोठा भाग तूरिनला पोहोचला. १९०४ मध्ये तूरिनच्या ग्रंथालयाला भीषण आग लागली आणि कितीतरी हस्तलिखिते जळाली. बँगरच्या पोथीशी मजकुराने जवळचे नाते असलेली, स्तोत्रे आणि प्रार्थनांची काही सुटी पाने तूरिनमध्ये आहेत. एकाच घराण्यातल्या पोथ्या, एक मिलानला आणि एक तूरिनला.

मिलानमध्येही सारे सुरळीत नव्हते. १९४३ च्या ऑगस्टमध्ये शहरावरच्या बाँबहल्ल्यात आंब्रोझियानाच्या इमारतीची मोठी हानी झाली आणि हजारो छापील पुस्तके नष्ट झाली. आपली पोथी त्यातूनही वाचली.

जगाला तिचा पत्ता कधी लागला?

लुडोविको अंतोनियो मुरातोरी या इतिहासकाराने, तरुणपणी आंब्रोझियानात काम करत असताना ती पाहिली, आणि १७१३ मध्ये तिचा मजकूर छापला. ‘अँटिफोनरी’ हे नाव त्यांचेच. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये मीन्य यांच्या प्रचंड लॅटिन ग्रंथमालेत तो मजकूर पुन्हा छापला गेला. खरे काम एफ. ई. वॉरेन यांचे. प्रार्थनाग्रंथ छापण्यासाठीच स्थापन झालेल्या हेन्री ब्रॅडशॉ सोसायटीने १८९३ मध्ये त्यांच्या संपादनाखाली पानोपानीची छायाचित्र-प्रत काढली आणि १८९५ मध्ये टीपांसह दुसरा खंड. त्यानंतरचा जवळजवळ प्रत्येक अभ्यास याच दोन खंडांच्या खांद्यावर उभा आहे.

आयर्लंडमध्ये राहिलेल्या स्तोत्रपोथ्या नाहीत का?

आहेत, आणि तुलना उद्बोधक आहे. ‘लिबर हिम्नोरुम’ या नावाच्या स्तोत्रसंग्रहाच्या दोन प्रती डब्लिनमध्ये आहेत. दोन्ही बँगरच्या पोथीपेक्षा सुमारे चारशे वर्षांनी लहान. एक आर्चबिशप जेम्स अशर यांच्या संग्रहातून १६६१ मध्ये ट्रिनिटी कॉलेजला मिळाली. दुसरी फ्रान्सिस्कन पंथीयांकडे होती. इंग्रजी राजवटीतल्या छळाच्या काळात ती आजच्या बेल्जियममधल्या लूव्हँच्या आयरिश मठात होती, पुढे रोमला गेली, १८७२ मध्ये डब्लिनला परतली आणि आता तिथल्या विद्यापीठाकडे आहे.

या पोथ्यांत रंगीत आद्याक्षरे आहेत, आयरिश भाषेतली स्तोत्रे आहेत, आणि प्रत्येक स्तोत्राआधी प्रस्तावना: कोणी रचले, कुठे, कोणत्या प्रसंगी, म्हटल्याने काय लाभ. आपल्या स्तोत्रांच्या फलश्रुतीची सवय असलेल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. समासात आणि ओळींमध्ये बारीक अक्षरांत टीपांची दाटी आहे. तोवर ही स्तोत्रे अभ्यासाचा विषय झाली होती. बँगरच्या पोथीत असे स्पष्टीकरण नाही. ती वापरणाऱ्यांना ते कुणी सांगायची गरज नव्हती.

ती आयर्लंडला परत द्यायला नको का?

हा प्रश्न भावनेने विचारला जातो आणि ती भावना मला समजते. बँगरच्या रहिवाशाला आपल्या गावचे सर्वांत जुने पुस्तक पाहायला मिलान गाठावे लागते, हे खुपणारच. पण लूट, जप्ती, फसवणूक यांतले काहीही या प्रवासात दिसत नाही. ती एका मठातून त्याच परंपरेच्या दुसऱ्या मठात गेली, आणि तिथून खुल्या ग्रंथालयात. लुटून नेलेल्या वस्तूंना लावायचा न्याय इथे लावू नये. चांगल्या प्रतिकृती हव्यात, आणि बँगरच्या मुलांना शाळेत ही स्तोत्रे शिकवली जावीत. मूळ चर्मपत्राने पुन्हा प्रवास करण्यापेक्षा ते अधिक मोलाचे आहे.

पाहायची किंवा वाचायची असेल तर?

मूळ पोथी नाजूक असल्याने ती सहजी हाताळायला मिळत नाही. बँगरला गेलात तर तिथल्या नॉर्थ डाउन संग्रहालयात तिची प्रतिकृती पाहता येते. घरबसल्या पाहायचे तर वॉरेन यांच्या दोन्ही खंडांवरचे हक्क केव्हाच संपले आहेत आणि त्यांच्या प्रती इंटरनेटवर मोफत मिळतात. पहिल्या खंडात छायाचित्रे, दुसऱ्यात मजकूर. दोन्ही शेजारी शेजारी उघडावेत. लॅटिन येत नसेल तरी मठाधिपतींच्या कवनापासून सुरुवात करा, कारण तिथे ओळींची पहिली अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने येतात आणि नावे ओळखता येतात. अर्ध्या-पाऊण तासात अक्षराचे वळण डोळ्यांत बसते, मग मागे जाऊन स्तोत्रे वाचायला घ्यावीत.